सातवी पास फोटोशॉप

आमच्या धंद्यात माणूस मेला तर चालतं. मेलेल्या माणसाचा फोटो निघतो. खरं तर त्याचाच जास्त निघतो. जिवंतपणी ज्याला पासपोर्ट साइजच्या पुढे कुणी जाऊ दिलं नाही, त्याला मेल्यावर बारा बाय अठराची फ्रेम, चंदनाचा हार आणि मागे पांढरे ढग मिळतात. पण सॉफ्टवेअर मेलं, की स्टुडिओचं शटर खाली.

माझा फोटो स्टुडिओ वाशिमला आहे. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून फुटून वाशिम जिल्हा झाला, तेव्हा लोक म्हणाले, आता विकास होणार. विकासाचं पुढारी सांगतील. मी एवढंच पाहिलं, की कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांच्या मागोमाग अर्ज आले, आणि प्रत्येक अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन आला. ‘येथे अलीकडील छायाचित्र चिकटवावे.’ त्या चौकोनावर माझं घर उभं आहे.

आणि घराच्या पायाला आहे फोटोशॉपची सातवी आवृत्ती. ती 2002 साली आली. तिच्यानंतर बऱ्याच आल्या, पण आम्ही मंडळी तिथंच थांबलो. तिला आम्ही नुसतं ‘सेव्हन’ म्हणतो. हीलिंग ब्रश नावाची चीज पहिल्यांदा त्या आवृत्तीत आली, आणि तेव्हापासून मानोऱ्यापासून रिसोडपर्यंत एकाही नवरीच्या गालावर मुरुम उगवलेला नाही. निदान अल्बममध्ये तरी. सेव्हन सुरू होताना एक चौकट यायची, तीत ते बनवणाऱ्यांची नावं असायची. टॉमस नोल असायचा. त्यानं आणि त्याच्या भावानं, जॉननं, हे प्रकरण सुरू केलं. पहिली आवृत्ती 1990 साली बाजारात आली. पुढच्या परदेशी नावांच्या गर्दीत मात्र एक सीतारामन नारायणन असायचे. माझं यंत्र इतकं संथ होतं, की ती चौकट बराच वेळ हलायची नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं सकाळी दुकान उघडल्यावर उदबत्तीच्या आधी माझ्याकडून सीतारामन यांचंच नाव घेतलं गेलं. ‘देवाचं नाव घेतलं का?’ असं बायकोनं विचारलं, की मी बिनदिक्कत हो म्हणायचो.

या सेव्हनवर मी काय काय केलं ते सांगितलं, तर अर्ध्या जिल्ह्याची कागदपत्रं रद्द होतील. खेड्यातून माणूस यायचा. अंगात बंडी, डोक्यावर टोपी, गालावर कालची दाढी. ‘भाऊ, कोट घालून द्या.’ आमच्याकडे कोट तयार असतात, बिनमानेचे, बिनडोक्याचे. काळा, निळा आणि करडा. करड्याला टाय आहे, म्हणून मागणी त्यालाच. खालून मान आणायची, कॉलरच्या कडेला जरा रबर मारायचं, माणूस पाच मिनिटांत सोसायटीचा चेअरमन दिसतो. आमच्या भागातली एक अख्खी पिढी तो एकच करडा कोट घालून कर्जाच्या अर्जावर बसली आहे. कर्जदार आणि त्याचे दोन्ही जामीनदार एकाच कोटात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बँकेनंही पाहिलं असणार. कर्ज मंजूर झालं.

फोटोत डोळे मिटलेले असले, तर दुसऱ्या फोटोतून उघडे आणून बसवायचे. लग्नाच्या सीझनमध्ये घाईगर्दीत कुणाचे डोळे कुणाला गेले, ते मला आणि सेव्हनलाच माहीत. वारलेल्या माणसाला आम्ही लग्नात उभा करतो. आता तर लोकांनाही सवय झाली आहे. ग्रुप फोटोला उभे राहतानाच नवरदेवाच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडतात. कुणी चुकून तिथं उभा राहिला, की मागून ओरडतात, ‘अबे सरक तिकडं, थे बाबाची जागा हाये!’

एवढं खोटं बोलायचं तर हत्यार भरवशाचं लागतं. बोटांना वाटा पाठ होत्या. कंट्रोल जे, कंट्रोल एल, कंट्रोल एम, फेदर दोन. वीज गेली आणि पडदा काळा झाला तरी बोटं पुढच्या दोन-तीन गोष्टी करून ठेवायची.

आणि अशा यंत्रात पाल शिरली.

पावसाळ्याचे दिवस होते. उबेला आली असावी. एसएमपीएसच्या पंख्यातून आत गेली, आणि आधी ती, मग फ्यूज, मग मदरबोर्ड, असे तिघं त्याच क्रमानं गेले. मी बाहेरून आलो तर दुकानातला पोरगा दारातच.

‘काका, कॉम्प्युटरमधी पाल निंघाली.’

‘जित्ती?’

‘नाई.’

‘आन् कॉम्प्युटर?’

‘दोघंई गेले.’

रिपेअरवाला आला. या पोरांची एक खासियत असते, कॅबिनेटचे स्क्रू काढण्याआधीच ते निदान करतात. ‘काका, याले आता सोडा. विंडोज सेव्हनचा सपोर्ट 2020 मधीच गेला. टेनचा ऑक्टोबर 2025 मधी गेला. आता इलेव्हनशिवाय गत नाई.’

‘सपोर्ट गेला म्हणजे काय झालं?’

‘कंपनी लक्ष देत नाई.’

मी म्हणालो, ‘बाबू, आमच्या वार्डाकडं कुणी कधीच लक्ष देल्लं नाई. आमी राहूनच राह्यलो ना?’

पण मुलगा पुण्याला हिंजवडीत असतो. त्याला कळलं, आणि त्यानं लॅपटॉप पाठवून दिला. विंडोज इलेव्हन, सोळा जीबी रॅम, वजन एका पाटीएवढं. सोबत फोनवर उपदेश. ‘बाबा, आता नवीन फोटोशॉप घ्या. महिन्याचं सबस्क्रिप्शन असते.’

‘महिन्याचं? म्हणजे भाड्यानं?’

‘तसंच समजा.’ 2012 साली सीएस सिक्स आलं, ते एकदा पैसे मोजून कायमचं घरी आणता येणारं शेवटचं. 2013 पासून पुढचं सगळं वर्गणीवर, असं त्यानं समजावलं.

‘आन् भाडं थकलं तं?’

‘बंद पडते.’

‘घरमालकबी आधी दोन बोलते रे बाबू.’

तर नवीन नको. सेव्हनच घालायचं, असं मी ठरवलं. सीडी माझ्याकडे होती. तिच्यावर मार्करनं लिहिलेलं, ‘पीएस 7 + फाँट + कोट’. ती कुठून आली ते विचारू नये. त्या काळी अवघ्या विदर्भात सीड्या जिथून यायच्या तिथूनच ती आली. सीडी घेऊन मी लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवला. मग उलटा केला.

‘काका,’ पोरगा म्हणाला, ‘याले सीडीचं भोकच नाई.’

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह अकोल्याहून मागवावा लागला. वेगळा जिल्हा होऊन पाव शतक उलटलं, पण कॉम्प्युटरच्या सामानासाठी माझा जिल्हा अजून अकोलाच आहे. ड्राइव्ह आला तर सीडी घरघर करून थांबायला लागली. बायकोनं तिला टूथपेस्ट लावून आतून बाहेर सरळ रेघेत पुसली. असं कुठं वाचलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘वाचलं नाही. चांदीला चालते तं इला काय झालं?’ सीडी चालली. मी काही बोललो नाही.

सेटअपवर टिचकी मारली आणि पडदा अंधारून प्रश्न आला: या अनोळखी प्रकाशकाच्या अ‍ॅपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? अनोळखी! ज्यानं माझी दोन पोरं शिकवली, पोरीच्या लग्नातला मांडव उभा केला, तो अनोळखी. मी ‘होय’ इतक्या जोरात दाबलं की चहा हिंदकळला.

इन्स्टॉल झालं. पण उघडायला गेलो की मध्येच अडखळे. रिपेअरवाल्या पोरानं आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या आणि त्यात कम्पॅटिबिलिटी नावाचा टॅब दाखवला. तिथं चक्क जुन्या काळांची यादी होती. विंडोज 95. विंडोज 98. एक्सपी, सर्व्हिस पॅक थ्री. त्यातलं एक निवडायचं. निवडलं, की विंडोज त्या सॉफ्टवेअरला सांगतं, घाबरू नकोस बाबा, बाहेर अजून एक्सपीच चालू आहे.

हे ऐकून मला भरून आलं. एवढे मोठाले इंजिनियर, अमेरिकेत बसलेले, पण अडलं तेव्हा त्यांनीही शेवटी माझाच धंदा केला. मागचं बॅकग्राऊंड बदलायचं, आणि पुढे उभ्या असलेल्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

सेव्हन उघडलं. सीतारामन आले. पण एवढे बारीक, की ते आले हे मी श्रद्धेवर मानलं. सेव्हन बनलं तेव्हा घरोघरी 1024 बाय 768 ठिपक्यांचे पडदे. त्या हिशेबानं काढलेली टूलबारवरची चित्रं या नव्या दाट पडद्यावर मोहरीएवढी दिसू लागली. लासो आणि क्रॉपमध्ये मला फरक कळेना. पूर्वी निगेटिव्ह बघायला वापरायचो ते भिंग माळ्यावरून काढलं. डाव्या हातात भिंग, उजव्या हातात माउस, अशा थाटात मी एका बाईचा पासपोर्ट फोटो केला. ती घाबरून म्हणाली, ‘काही निंघालं का हो माह्या चेहऱ्यात?’

यावर उपाय आहे. त्याच कम्पॅटिबिलिटी टॅबवर हाय डीपीआय नावाचं सेटिंग आहे. ते बदललं, की अक्षरं मोठी होतात, आणि तेवढीच धूसर. म्हणजे स्पष्ट पण न दिसणारं हवं, की दिसणारं पण अस्पष्ट, एवढी निवड तुमच्या हातात ठेवलेली आहे. मी धूसर निवडलं. वयानं त्याची सवय झालेलीच होती.

मग परवानगीचं दुखणं उपटलं. कधी सेव्ह करू देईना, कधी सेटिंग विसरे. पोरगा म्हणाला, ‘याले रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा.’ केलं. सेव्हन सुतासारखं सरळ झालं. पण फोल्डरमधून फोटो ओढून त्याच्या खिडकीत टाकायला गेलो, तर माउसच्या टोकाशी प्रवेशबंदीची खूण. पुन्हा ओढला. पुन्हा खूण. वर्षानुवर्षं मी असाच फोटो उचलून टाकत आलो होतो. त्याला कधी राग आला नव्हता.

कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. विंडोजमध्ये व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, अशी व्यवस्थाच आहे: एखाद्या प्रोग्रॅमला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा दर्जा दिला, की साध्या दर्जाच्या खिडकीतून आलेली वस्तू तो हातात घेत नाही. व्हायरसपासून बचाव म्हणून. म्हणजे काल माझ्या शेजारी स्टुलावर बसून चहा पिणारं सेव्हन, आज बढती मिळताच साहेब झालं. आता परस्पर कागद द्यायचा नाही. फाइल मेनूत जा, ओपनवर अर्ज करा, रीतसर मार्गानं या. आमच्या वाशिममध्ये कचेऱ्या कमी होत्या, ती एक आणखी माझ्या टेबलावर उघडली.

एव्हाना बातमी चौकभर झाली होती. आमच्याकडे माणूस आजारी पडला तर लोक फळं आणतात, कॉम्प्युटर आजारी पडला तर सल्ले आणतात. झेरॉक्सवाला आला. ‘अँटिव्हायरस मारला का?’ मारला. मोबाइल रिचार्जवाला आला. ‘फॉरमॅट मारा.’ हा सल्ला आपल्याकडे सगळ्यांत लोकप्रिय आहे. यंत्र कुठलंही असो आणि दुखणं कुठलंही असो, फॉरमॅट मारा. कारण त्यात सांगणाऱ्याचं काही जात नाही. पिठाची गिरणी चालवणाऱ्यानं दोन्ही हात मागे बांधून लॅपटॉपभोवती एक फेरी घातली आणि विचारलं, ‘याचा पट्टा तं ढिला नाई ना?’ सगळ्यांत त्याचंच बोलणं मला प्रामाणिक वाटलं.

मुलानं पुण्याहून फोनवर नवीन औषध सुचवलं. ‘बाबा, व्हर्च्युअल मशीन टाकू. कॉम्प्युटरच्या आतमध्ये दुसरा खोटा कॉम्प्युटर. त्यात एक्सपी टाकायचं. एक्सपीत सेव्हन.’

‘म्हणजे आतल्याले बाहेरचं माहीत नसते?’

‘अजिबात नाही. त्याला वाटते आपण खरेच आहो.’

खोट्याचा एवढा मोठा सेटअप मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यानं पुण्यात बसून माझा लॅपटॉप चालवला, आणि संध्याकाळी माझ्या पडद्यावर एक खिडकी उघडली. तिच्यात ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. एक्सपी!

त्या फोटोविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय आमच्या जातीच्या माणसाला पुढे जाता येत नाही. तो चार्ल्स ओ’रिअर नावाच्या फोटोग्राफरनं 1996 साली कॅलिफोर्नियात, रस्त्यानं जाताना गाडी थांबवून काढला. मामिया कॅमेरा, फुजीची व्हेल्व्हिया फिल्म. जगात सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिलेल्या फोटोंत त्याची गणती होते, आणि तो माणूस सांगतो, की त्यात आपण कसलीही कलाकुसर केलेली नाही. आता बोला. फोटोशॉपवाल्यांचं अख्खं आयुष्य ज्या यंत्रावर गेलं, त्या यंत्राच्या दारातच बिनफोटोशॉपचा फोटो लावलेला! मी मात्र त्याला सोडला नाही. ती टेकडी कापून आमच्या स्टुडिओत बॅकग्राऊंड म्हणून कैक वर्षं चालली. तिच्यावर शेलूबाजारचं एक जोडपं हात धरून उभं आहे, आणि पोहरादेवीच्या यात्रेहून आलेलं एक सबंध कुटुंब बकरीसकट बसलेलं आहे.

आतलं सेव्हन मस्त चाललं. भानगड वेगळीच निघाली. त्या खिडकीत एकदा माउस गेला, की बाहेर येईना. बाण कडेपर्यंत जायचा आणि धडकून परत. समोर गिऱ्हाईक उभं, बाहेरच्या विंडोजमध्ये प्रिंट द्यायची, आणि माझा माउस 2001 सालात अडकलेला. मुलाला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. गिऱ्हाईक विचारतं, ‘काय झालं भाऊ?’ काय सांगणार? कळलं ते रात्री: उजव्या बाजूचं कंट्रोल बटण दाबलं की सुटका होते. पण माझ्या बोटांना जन्मभर डावं कंट्रोल ठाऊक. शिवाय आतल्या एक्सपीला प्रिंटर दिसत नव्हता आणि बाहेरचं विंडोज जुना स्कॅनर ओळखत नव्हतं. दोन कॉम्प्युटर, दोन्ही अर्धे आंधळे, आणि मधे चष्मेवाला मी.

शेवटी भाचा मदतीला आला. त्याच्याकडे सीएस सिक्स होतं. ‘मामा, सेव्हन सोडा. हे जुनंच हाये, तुमच्या सगळ्या किल्ल्या यातबी तशाच चालते.’ सातवरून एकदम तिथं जायचं म्हणजे मधल्या सगळ्या इयत्ता बुडवणं, पण मी नाइलाजानं तयार झालो. चढवलं. चाललं. परफॉर्मन्सचं सेटिंग पाहावं म्हणून उघडलं, तर इंग्रजीत एक पाटी आली. भाच्यानं वाचली: 96 आणि 8 यांच्या मधला पूर्णांक आवश्यक आहे, जवळचा आकडा घातला आहे.

बाकावर गणिताचे निवृत्त मास्तर पेपर वाचत बसले होते. हयातीच्या दाखल्याला लागणाऱ्या फोटोचं निमित्त करून ते सकाळचा पेपर माझ्याकडेच वाचतात. मी विचारलं, ‘सर, शहाण्णव आन् आठच्या बरोब्बर मधात कोन्ता आकडा येते?’

‘बावन्न.’

घातला. पाटी पुन्हा आली. 96 आणि 8 यांच्या मधला पूर्णांक आवश्यक आहे.

‘पन्नास टाकून पाहा.’ पाटी. ‘नऊ?’ पाटी. ‘पंच्याण्णव?’ पाटी. मास्तरांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि स्वतः येऊन पडद्यावरचं वाचलं.

‘हे पेपर काढलं कोणं? लहान आकडा पयले लिवा लागते. आठ ते शहाण्णव. शहाण्णव ते आठ म्हणजे काय? आमच्या शाळेत असतं तं इथंच मार्क कापला असता.’ मग खाली बसता बसता पुटपुटले, ‘बरोबर उत्तर देल्लं तरी चूक म्हंते. शिक्षण खात्यातलंच दिसते.’

तो घोळ जगभरच्या जुन्या फोटोशॉपवाल्यांचा निघाला. विंडोज टेनच्या 2018 सालच्या एका बदलानंतर सुरू झालेला. नवं विंडोज मेमरीचा जो आकडा सांगतं, तो या जुन्या सॉफ्टवेअरला पेलत नाही, आणि त्याचा हिशेब उलटा पडतो. मेमरी कमी म्हणून अडलेली सॉफ्टवेअरं मी पाहिली होती. मेमरी जास्त म्हणून गोंधळलेलं हे पहिलंच. उपाय काय, तर रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या तळघरात उतरायचं, फोटोशॉपच्या खात्यात ‘ओव्हरराइड फिजिकल मेमरी एमबी’ नावाची एक नोंद स्वतःच्या हातानं घालायची, आणि तिच्यापुढे मेमरीचा मानवेल असा आकडा लिहायचा.

‘म्हणजे खोटा?’ मी विचारलं.

‘कमी,’ भाचा म्हणाला. ‘सोळा हाये ना? चार सांगू.’

मी खुर्चीत जरा ताठ बसलो. घरात सोळा असताना कागदावर चार दाखवायचे, हे काम आमच्या तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ज्यांच्या अंगणात ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरच्या सावलीत बुलेट उभी आहे, त्यांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर चिकटवायचे फोटो मीच काढले आहेत. त्या फोटोंना कोट लागत नाही. उलट ते येतानाच सांगतात, ‘भाऊ, जरा गरीब दिसलो पाह्यजे.’ आता माझा लॅपटॉपही त्या रांगेत जाऊन उभा राहिला. 4096 लिहिलं, यंत्र बंद करून चालू केलं, आणि पिवळं रेशनकार्ड मिळाल्यासारखं फोटोशॉप शहाण्यासारखं कामाला लागलं. मास्तरांनी खात्री केली. पाटी आली नाही. ‘म्हणजे पास झालं,’ ते म्हणाले, ‘कॉपी करून.’

फाँटचं मी थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून घाम येतो. आमचे जुने मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी अक्षरं. फाँट असला तर मराठी दिसतं. नसला तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. नव्या लॅपटॉपवर तो घालायचा राहून गेला होता, आणि एक तातडीची ऑर्डर आली. भावपूर्ण श्रद्धांजली, चार बाय सहाचं फ्लेक्स. जुनी फाइल उघडून पोरग्यानं फोटो बदलला आणि तशीच छापायला दिली. आजोबांच्या धोतर-टोपीतल्या फोटोखाली इंग्रजी अक्षरांची, स्वल्पविरामांची आणि कंसांची मोठ्ठी ओळ. मी हात जोडायच्या बेतात होतो. नातू बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘राहू द्या. आबाले इंग्लिशची लय हौस होती.’

आता बऱ्यापैकी चालू आहे सगळं. अधूनमधून कुणी आयफोनवाला येतो. आयफोन 2017 पासून एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो ठेवतो, आणि तो माझ्या सीएस सिक्सला उघडता येत नाही. ‘एवढा महागाचा फोन हाये माहा, आन् तुमच्यात दिसत नाई?’ मी सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, तिथून येताना तो आपोआप आमच्या लायकीचा होऊन येतो.

शेजारच्या मुलीनं तर माझी गरजच संपल्याचं जाहीर केलं. फोनमध्ये एआय आलंय, एका टिचकीत सगळं होतं. तिनं आपल्या पणजोबांचा फाटका, पिवळा पडलेला फोटो फोनला दिला. फोननं तो लख्ख करून दिला. चिरा गेल्या, रंग भरला, धोतर नवं झालं. आणि जाता जाता फोननं पणजोबांना हसवलं, वर आणि खाली बत्तीस पांढरेशुभ्र दात घालून. मुलीनं कौतुकानं तो आजीला दाखवला. आजी, म्हणजे त्यांची सूनबाई, फोन लांब धरून म्हणाली, ‘हा कोण वो?’

‘आजी, तुझे सासरे!’

‘छट्. माहे सासरे हसत नव्हते. आन् दात तं मी लग्न होऊन आली तव्हाच नव्हते.’

दुसऱ्या दिवशी दोघी दुकानात आल्या. काम काय, तर दात काढायचे. मी भिंग लावलं, क्लोन स्टॅम्प घेतला आणि एकेक काढला. जिल्ह्याच्या इतिहासात फोटोतल्या दातासाठी पैसे घेणारा पहिला दातांचा डॉक्टर मीच असेन. ओठ मिटवून चेहरा पूर्ववत आंबट केला, तेव्हा म्हातारीनं डोक्यावरचा पदर सावरला. ‘हां. आता झाले.’

परवा मंगरूळपीरच्या एका स्टुडिओवाल्याचा फोन आला. आवाजच सांगत होता की पाल तिथंही पोचली. ‘दादा, नवा कॉम्प्युटर घेतला. फोटोशॉप जुनंच टाकलं. थे शहाण्णव आन् आठ म्हणून राह्यलं.’

मी खुर्ची मागे रेलली. ‘रॅम किती हाये?’

‘बत्तीस.’

‘बाप रे. कोणाले सांगतलं तं नाई ना?’

‘नाई. का बरं?’

‘चार सांगजो.’

‘आन् विंडोजले कळलं तं?’

‘विंडोजले सगळं माहीत असते गड्या. तलाठ्याले माहीत नसते का? तू फक्त चार लिव.’


‘बरं,’ तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून, ‘दादा, हार्ड डिस्क एक टीबीची हाये. तिचं काय दाखवू?’